कामावरचा कुत्रा

आपल्या मराठी घरांत कुत्र्याचा विषय निघाला की मंडळींचे दोन तट पडतात. मुलं म्हणतात, आणू या. आई म्हणते, त्याचं करणार कोण? भारतातून आलेले आजी-आजोबा तर शेजारच्या बाईंचा गरीब लॅब्रॅडॉर समोरून येताना दिसला तरी रस्ता ओलांडून पलीकडे जातात. त्यांचंही चुकत नाही. गल्लीतली भटकी कुत्री, रात्री सायकलमागे लागणारी टोळी, आणि कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शनं, या आठवणी घेऊनच ती पिढी मोठी झाली. घरात कुत्रा असलाच तर त्याची जागा अंगणात, फार तर व्हरांड्यात. स्वयंपाकघर आणि देवघर त्याला वर्ज्य.

या लेखातला कुत्रा मात्र भटकाही नाही आणि हौसेने पाळलेलाही नाही. अमेरिकेत आल्यावर आपल्याला हा तिसरा प्रकार दिसू लागतो. अंगावर हार्नेस किंवा जाकीट, चाल शिस्तीची, सुपरमार्केटात, विमानात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मालकाच्या पायाशी गुपचूप बसलेला. इथे त्याला ‘सर्व्हिस डॉग’ म्हणतात. आपण त्याला मदतनीस कुत्रा म्हणू. तो काम काय करतो, ते काम कितपत भरवशाचं असतं, आणि उद्या तो आपल्या मंडळाच्या किंवा देवळाच्या दारात उभा राहिला तर आपण काय करायचं, हे वाचकांपुढे मांडावं म्हणून हा लेख.

मॉरिसटाऊनची गोष्ट

न्यू जर्सीतल्या वाचकांनी मॉरिसटाऊनच्या रस्त्यांवर हे दृश्य पाहिलं असेल. एक जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर, त्याच्या हार्नेसची कडक मूठ डाव्या हातात धरून झपाझप चालणारा अंध माणूस, आणि थोडा मागे राहून लक्ष ठेवणारा प्रशिक्षक. पार्सिपनीहून गाडीने पाव तासावर असलेल्या या गावात ‘द सीइंग आय’ ही संस्था आहे. जगात आज चालू असलेल्या अशा शाळांमध्ये ती सर्वांत जुनी.

अंधांसाठी कुत्रे तयार करणारी पहिली शाळा मात्र जर्मनीतली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून परतलेल्या सैनिकांसाठी गेरहार्ड श्टालिंग नावाच्या डॉक्टरांनी ती १९१६ साली ओल्डेनबुर्गला काढली. पुढे पॉट्सडॅमलाही तशी शाळा निघाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्डची पैदास करत असत. पॉट्सडॅमची शाळा पाहून त्या इतक्या प्रभावित झाल्या की त्यांनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तो ५ नोव्हेंबर १९२७ रोजी छापून आला.

टेनेसीतल्या नॅशव्हिल गावात मॉरिस फ्रँक नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या वडिलांनी तो लेख वाचून दाखवला. मॉरिसचा एक डोळा सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना गेला होता आणि दुसरा सोळाव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये. दर वेळी कुणाच्या तरी हाताला धरून बाहेर पडायचं, याला तो विटला होता. त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिलं, की मला शिकवा, मी परत येऊन इथल्या बाकीच्या अंधांना शिकवीन. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे त्याला मिळालेल्या कुत्रीचं नाव होतं ‘किस’. भर रस्त्यात या नावाने हाका कशा मारायच्या, म्हणून त्याने तिचं नाव बदलून ‘बडी’ ठेवलं. जून महिन्यात तो न्यूयॉर्कला उतरला आणि पत्रकारांच्या देखत बडीला घेऊन वेस्ट स्ट्रीट हा भयंकर रहदारीचा रस्ता त्याने ओलांडून दाखवला. युस्टिसबाईंना त्याने केलेल्या तारेत एकच शब्द होता, ‘सक्सेस’.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ सुरू झाली. कुत्र्यांना तिथला उन्हाळा सोसेना, म्हणून १९३१ मध्ये ती न्यू जर्सीत आली. कुत्रा तयार करायला संस्थेला हजारो डॉलर खर्च येतो, पण अंध व्यक्तीकडून पहिल्या कुत्र्यासाठी फक्त १५० डॉलर घेतात आणि पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५०. ही रक्कम कित्येक दशकं वाढवलेली नाही. घेणाऱ्याला आपण भीक घेतोय असं वाटू नये, हा त्यामागचा विचार.

मॉरिस फ्रँकला खरी झुंज पुढेच द्यावी लागली, ती दारांशी. हॉटेलवाले आत घेईनात, रेल्वे म्हणे कुत्रा सामानाच्या डब्यात ठेवा. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व रेल्वे कंपन्यांनी अंधांच्या कुत्र्यांना प्रवासी डब्यात परवानगी दिली, त्यामागे या माणसाची अनेक वर्षांची पायपीट होती.

हा कुत्रा नेमकं काय करतो, याबद्दल एक गैरसमज आहे. तो सिग्नलचे दिवे बघून रस्ता ओलांडत नाही. कधी निघायचं हे माणूस ठरवतो, रहदारीच्या आवाजावरून. ‘पुढे चल’ असा हुकूमही माणूसच देतो. पण तेवढ्यात एखादी गाडी वळून अंगावर आली तर कुत्रा हुकूम मोडून जागच्या जागी उभा राहतो. आज्ञा पाळायला शिकवणं एकवेळ सोपं, पण ती कधी मोडायची हे शिकवणं अवघड. संस्थेतल्या चार महिन्यांच्या प्रशिक्षणात तेही शिकवतात. अलीकडे बॅटरीवरच्या गाड्या आवाजच करत नाहीत, त्यामुळे अंधांची पंचाईत झाली. त्यावर २०११ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अशा नव्या गाड्यांना कमी वेगात असताना मुद्दाम आवाज करणं सक्तीचं झालं. पार्किंग लॉटमध्ये टेस्लाचा जो हलका गुंजारव ऐकू येतो, तो त्यापायी.

डोळ्यांनंतर हातपाय

अंधांपलीकडे ही कल्पना न्यायचं श्रेय बॉनी बर्गिन या बाईंकडे जातं. चाकाच्या खुर्चीत असलेल्या माणसाला कुत्रा दिव्याचं बटण दाबून देईल, पडलेली किल्ली उचलून देईल, दार ओढून उघडेल, हे त्यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘कनाइन कम्पॅनियन्स’ या संस्थेने दाखवून दिलं. आज ही संस्था गरजूंना कुत्रा विनामूल्य देते. त्यानंतर कर्णबधिरांना दाराची घंटा आणि बाळाचं रडणं कळवणारे कुत्रे आले, ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर राहणारे आले, आणि इराक-अफगाणिस्तानातून परतल्यावर झोपेत दचकून उठणाऱ्या सैनिकांना जागं करून शांत करणारेही आले.

या सगळ्या कामांत कुत्रा डोळे, कान, तोंड आणि पंजे वापरतो. पण त्याचं खरं भांडवल आहे नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या साधारण पन्नास-साठ लाख पेशी असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. त्या नाकाच्या जोरावर तो आजारात काही मदत करू शकेल का, हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आला.

साखर उतरल्याचा वास

मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे, पण तो बहुतेक टाइप टू. हे कुत्रे मुख्यतः टाइप वनवाल्यांसाठी असतात. या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यामुळे रोज बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं. डोस जरा जास्त झाला, जेवण लांबलं किंवा खेळणं जास्त झालं, की साखर झपकन उतरते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर होतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो. बरीच वर्षं आजार असलेल्या काही जणांना घाम-थरथर या खुणा जाणवेनाशाच होतात. रात्री झोपेत तर कुणालाच कळत नाही. टाइप वन असलेल्या मुलांच्या आया रात्री दोन वाजता गजर लावून उठतात, त्या यामुळे.

साखर उतरल्यावर घामात आणि श्वासात काहीतरी बदलत असलं पाहिजे. ते काय असावं? २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी टाइप वन असलेल्या आठ स्त्रियांची साखर देखरेखीखाली हळूहळू उतरवली आणि त्यांच्या श्वासातली रसायनं मोजली. आयसोप्रीन नावाच्या वायूचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं आढळलं, काही जणींत तर जवळजवळ दुप्पट. कुत्र्याला कदाचित हाच वास येत असेल.

शिकवण्याची रीत सोपी आहे, चिकाटी मात्र फार लागते. साखर उतरलेली असताना रुग्णाची लाळ किंवा घाम कापसावर टिपून फ्रीझरमध्ये ठेवतात. तो वास ओळखला की कुत्र्याला खाऊ द्यायचा. मग ओळखल्यावर पंजा मारायचा, नाकाने ढोसायचं किंवा ग्लुकोमीटरची पिशवी आणून द्यायची, असं टप्प्याटप्प्याने शिकवतात.

आता यातला इंजिनीअरिंगचा भाग. कुठल्याही सेन्सरला दोन प्रश्न विचारावे लागतात. खऱ्या घटनांपैकी किती पकडल्या? आणि वाजलेल्या गजरांपैकी खरे किती? कुत्र्यांच्या बाबतीत उत्तरं एकसारखी नाहीत. २०१९ साली इंग्लंडमध्ये एकाच संस्थेने तयार केलेल्या २७ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साखर उतरण्याच्या शंभर प्रसंगांपैकी सरासरी ८३ वेळा आणि चढण्याच्या शंभरांपैकी ६७ वेळा कुत्र्याने सूचना दिली होती. याउलट २०१७ साली ओरेगनमध्ये आठ कुत्र्यांची तुलना त्वचेखाली बसवलेल्या सेन्सरशी केली, तेव्हा कुत्र्यांनी साखर उतरण्याचे ३६ टक्केच प्रसंग पकडले आणि त्यांच्या शंभर इशाऱ्यांपैकी फक्त बारा खरे निघाले. जिथे दोघांनाही कळलं, तिथे सेन्सरला साधारण बावीस मिनिटं आधी कळलं होतं.

यावरून काय घ्यायचं? माझ्या मते, मुलाला टाइप वन असेल तर आधी चांगला सेन्सर घ्यावा आणि त्याच्यावर विसंबावं. कुत्रा जोडीला. सेन्सरचा गजर झोपेत बंद करून पुन्हा झोपणारी कॉलेजची मुलं आपल्याला माहीत आहेत. कुत्र्याला बंद करायचं बटण नसतं. तो अंगावर चढतो, पांघरूण ओढतो, तरी उठलं नाही तर शेजारच्या खोलीत जाऊन दुसऱ्या कुणाला तरी उठवतो. शिवाय नव्या गावी एकट्या राहणाऱ्या मुलीला सोबत होते, तिची किंमत टक्केवारीत मांडता येत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. अगतिक आईवडिलांच्या खिशावर डोळा ठेवणारे लोक या धंद्यातही आहेत. व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये अशा एका विक्रेत्यावर दावा लावला. मधुमेहाचा इशारा देणारे म्हणून अठरा ते सत्तावीस हजार डॉलरना विकलेले कुत्रे प्रत्यक्षात जेमतेम शिकवलेली पिल्लं निघाली, असा आरोप होता. मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्या आणि शंभर टक्के हमी देणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहिलेलं बरं.

फेफऱ्याच्या बाबतीतही नीट समजून घ्यायला हवं. फिट आल्यावर घंटा दाबणं, घरच्यांना बोलावणं, रुग्णाच्या अंगाला चिकटून पडून राहणं हे कुत्र्याला शिकवता येतं. फिट येण्याआधी ओळखणं हे मात्र काही कुत्री आपणहून करतात, ते हमखास शिकवता येईल असं आज म्हणता येत नाही. २०१९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी एवढं दाखवलं, की फिट आलेल्या माणसाच्या अंगाचा वास पाच कुत्र्यांना इतर वेळच्या वासापासून वेगळा ओळखता आला. म्हणजे त्या वेळी काही वास सुटतो, हे खरं.

कायदा काय म्हणतो

अपंगांच्या हक्कांचा अमेरिकन कायदा, ज्याला सगळे ‘एडीए’ म्हणतात, २६ जुलै १९९० रोजी झाला. त्याच्या आजच्या नियमांप्रमाणे, अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम शिकवलेला कुत्रा दुकान, हॉटेल, दवाखाना, शाळा, टॅक्सी, सगळीकडे माणसाबरोबर जाऊ शकतो. दारावरच्या माणसाला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, हे विचारता येत नाही. प्रमाणपत्र मागता येत नाही, कारण सरकारने तसं कुठलं प्रमाणपत्र काढलेलंच नाही. बाजारात विकत मिळणाऱ्या जाकिटांना आणि कार्डांना कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

दुसऱ्या कुणाला कुत्र्याची भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे, हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही. अशा वेळी दोघांना लांब लांब बसवायचं. जेवणाच्या बुफेच्या रांगेतही कुत्रा बरोबर राहू शकतो. पण तो भुंकत सुटला, आवरला जाईना किंवा घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगण्याचा हक्क यजमानाला आहे. नुसता मनाला धीर देणारा पाळीव कुत्रा या व्याख्येत बसत नाही. त्याच्या नावाखाली विमानात मोर-डुकरं आणण्यापर्यंत लोकांची मजल गेली, तेव्हा विमान खात्याने नियम बदलले. जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना फक्त शिकवलेले मदतनीस कुत्रेच मान्य करावे लागतात, आणि त्यासाठी आधी फॉर्म भरून मागता येतो.

आपल्या दारात

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या गणेशोत्सवात एक मराठी कुटुंब आलं होतं. मुलगी कॉलेजात, टाइप वन, बरोबर तिचा कुत्रा. शाळेच्या सभागृहाच्या दारात स्वयंसेवकांनी त्यांना अडवलं. “काका, याला बाहेर कुठे तरी बांधा ना, आत गणपती आहे.” वडील म्हणाले, “अहो, तो हौसेचा नाही, तिच्या औषधासारखा आहे.” मागे रांग वाढत होती. शेवटी मुलगीच म्हणाली, “बाबा, असू दे, मी गाडीत बसते.” आरती झाली, नाटक झालं, आईने ताट गाडीत नेऊन दिलं. तिची आजी खास तो कार्यक्रम नातीबरोबर बघायला पुण्याहून आली होती, ती आत एकटी बसली.

कुणीही वाईट हेतूने वागलं नव्हतं. पण सर्वांसाठी तिकीट लावून शाळेच्या सभागृहात केलेला कार्यक्रम होता, कायदा त्या मुलीच्या बाजूने होता. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपली मुलं मराठी कार्यक्रमाला येत नाहीत म्हणून आपण वर्षभर चिंता करतो, आणि आलेली मुलगी पार्किंग लॉटमधून परत जाते, हे बरं दिसत नाही.

देवळाचा प्रश्न वेगळा आहे. एडीए हा कायदा धार्मिक संस्थांना लागू नाही. म्हणजे या देशात बाकी सगळी दारं कायद्याने उघडली, तरी देवळाचं दार उघडायचं की नाही हे देवळाच्या विश्वस्तांनी ठरवायचं आहे. सोवळं-ओवळं मानणाऱ्यांचा आग्रह मी समजू शकतो. गाभाऱ्यात कुत्रा न्या असं कुणी म्हणतही नाही, सभामंडपात शेवटच्या रांगेत मालकाच्या पायाशी बसू दिलं तरी पुरे. बाकी आपल्या देवांना कुत्र्याचं वावडं कधी नव्हतं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे पायाशीच असतात. धर्मराजाने बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना बालविहारात सांगतोच.

मंडळाच्या कार्यकारिणीने करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. दारावरच्या स्वयंसेवकांना ते दोन प्रश्न लिहून द्यावेत. निमंत्रणात एक ओळ घालावी, की मदतनीस कुत्रा बरोबर असेल तर आधी कळवल्यास कडेची खुर्ची राखून ठेवू. आधी कळवणं सोयीसाठी, अट म्हणून नव्हे. घाबरणाऱ्या आजी-आजोबांना आधीच सांगून सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला बसवावं.

आपण सर्वांनी पाळायच्या गोष्टीही तेवढ्याच सोप्या. त्या कुत्र्याला हाक मारू नये, कुरवाळू नये. त्याचं लक्ष विचलित झालं आणि नेमका तोच क्षण हुकला, तर भोगावं लागतं त्या माणसाला. बोलायचं ते कुत्र्याशी नव्हे, माणसाशी. “तुला काय झालंय गं?” हे चारचौघांत विचारू नये. आणि प्रेमाने प्रसाद भरवायला तर मुळीच जाऊ नये. शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेटची बर्फी कुत्र्याला विषासारखी असते.

शेवटी मुलांसाठी एक सूचना. ‘द सीइंग आय’ची पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की साध्या कुटुंबांकडे वाढायला देतात. ती वर्षभराहून जास्त तिथे राहतात, माणसांत वावरायला शिकतात आणि मग प्रशिक्षणासाठी परत जातात. ‘फोर-एच’ या मुलांच्या क्लबांच्या मदतीने हे काम १९४२ पासून चालू आहे, आणि शाळकरी मुलंही त्यात भाग घेतात. ज्या घरात कुत्र्यावरून दोन तट आहेत, त्यांना हा मधला मार्ग जमण्यासारखा आहे. पिल्लू परत देताना मुलं रडतात खरी. पण आपण वाढवलेलं पिल्लू कुणाला तरी रस्ता पार करून देतंय, हे त्यांना पुढे मॉरिसटाऊनच्या चौकात स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळू शकतं.